नुसता रस्ता बघायला

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मधे हसलात की माझी लिंक तुटते. चहा येतोय. तोवर मी माझ्याच तोंडाने माझ्याच सहलीचं कसं वाटोळं केलं ते ऐका. आणि तोंडाने म्हणजे खरोखरच तोंडाने हो! गाडी, नकाशा, हातपाय, सगळं अगदी ठीकठाक होतं.

मी सुरतेत डिंडोलीला राहतो, मराठी शाळेत भूगोल शिकवतो. जगभरचे नकाशे भिंतीवर टांगायचे आणि स्वतःचा प्रवास काय, तर डिंडोली ते अमळनेर! आमची गल्ली सगळी खानदेशी. दिवाळीला कापडाचे लूम बंद झाले की अख्खी गल्ली कुलपं लावून गावी जाते. मी, सुनंदा आणि आईही जातो. लग्नाला इतकी वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन सासरी गेली, पण मी आणि सुनंदा, दोघंच, कुठे म्हणजे कुठे गेलेलो नाही. लग्नानंतर देवदर्शनाला गेलो तेव्हासुद्धा बरोबर आत्या होती.

तर एकदा वर्गात थरच्या वाळवंटाचा धडा चालू होता. बाडमेरकडून जैसलमेरकडे एक जुनी वाट जाते. त्या वाटेने उंटांचे तांडे जायचे, आपल्या सुरतेच्या बंदरातला मालसुद्धा पार तिकडे पोहोचायचा, असं मी पोरांना रंगवून सांगत होतो. आणि सांगता सांगता माझाच जीव त्या वाटेवर जडला. आज तिथे हायवे आहे. दोन्हीकडे वाळू आणि मधून सरळसोट रस्ता! डिंडोलीत राहणाऱ्या माणसाने सरळ, रिकामा रस्ता पाहिलेला असतो का हो कधी?

घरी येऊन सुनंदाला म्हटलं, "या दिवाळीला आपण दोघं. आपली गाडी. वाळवंटातला रस्ता."

दुसऱ्या दिवशी ती बाजारातून आली ती काळा गॉगल घेऊन! आयुष्यात पहिल्यांदा. कणीक मळताना तो घालून खिडकीच्या काचेत स्वतःकडे बघत होती. मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, बेट्या, आता काही झालं तरी हिला त्या रस्त्यावर न्यायचंच.

राहिली आई. दिवाळीला गाव सोडून दुसरीकडे जायचं म्हणजे आईची परवानगी हवी. आईचं सगळं आयुष्य सुरतेत गेलं तरी घरात अहिराणी सुटलेली नाही. मी नकाशा पसरून सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तठे देव कोनता शे?"

"देव नाही गं. रस्ता आहे."

"नुसता रस्ता?"

"ऐतिहासिक रस्ता!"

"रस्ता देखाले कोन जास रे भाऊ? आपला दारसमोर नही का रस्ता?"

आमच्याकडे प्रवास म्हणजे एकतर गाव, नाहीतर देव. तिसरं कारण कोणी ऐकलेलंच नाही. दारामागे सुनंदा उभी, माझं डोकं चालेना, आणि तोंड मात्र चाललं.

"देवी आहे ना! वाळवंटात. फार कडक आहे."

"मंग आसं सांग ना पहिले!" आईचा चेहरा उजळला. "जा बापा, जा."

झाली ना परवानगी? झाली. मी खूश, सुनंदा खूश. तिने गॉगल पुसून डबीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येतो तो काय, दारात चपलाच चपला! आईने गल्लीत सांगितलं होतं. आणि आमच्यात कोणी देवीला निघालं की बाकीच्यांनी आपापली ओटी त्याच्या हाती द्यायची ही रीतच आहे. नारळ, तांदूळ, ब्लाऊजपीस. पण हे सुरत पडलं! इथे ब्लाऊजपीसवर कोण थांबतं? प्रत्येकीने अख्खी साडी आणलेली. कोणाची सून बाळंत व्हायची होती, कोणाच्या मुलाला नोकरी हवी होती. कोपऱ्यावरची सुशीलाकाकू तर म्हणाली, "सर, देवीला सांगा, आमच्या ह्यांचं घोरणं थांबू दे."

आमची गाडी तुम्ही पाहिलीय. डिकीत दोन पिशव्या ठेवल्या की तिसरी मांडीवर घ्यावी लागते. त्यात नारळाचं पोतं कुठे ठेवणार?

इथेच माझा खरा आजार तुम्हाला सांगायला हवा. मला वरवरचं बोलायची सवय आहे. जेवायला बसलो असताना कोणी आलं की "या जेवायला", प्रवासाला निघालो की "चला की तुम्हीपण". हे तुम्हीही म्हणता, खोटं बोलू नका. समोरच्याने "नको हो, पुढच्या वेळी" म्हणायचं आणि विषय संपवायचा. संध्याकाळी समोरचे निंबातात्या ओटी घेऊन आले. तात्या लूमच्या कारखान्यात सुपरवायझर. दिवसभर खडखडाटात राहून त्यांना घरातही ओरडूनच बोलायची सवय. मी चहा दिला आणि सवयीने म्हणालो, "तुम्हीच चला की तात्या, स्वतःच्या हाताने ओटी भरा!"

"चला!" तात्या ओरडले.

मला वाटलं गंमत करतायत. पण ओरडणं सगळ्या गल्लीने ऐकलं होतं. सुशीलाकाकू दारातूनच म्हणाली, "तात्या चालले? मग आम्ही काय पाप केलंय?" मी काय म्हणणार? म्हणालो, "चला की!" तिच्या मागे जावा होत्या. त्यांनाही म्हणालो, "चला की!" सुनंदा स्वयंपाकघरातून भांडी आपटत होती. तो इशारा होता हे मला नंतर कळलं.

आठवड्याभरात तात्यांनी बस ठरवली. आधी देवी आणि तिकडूनच परस्पर गाव! "बस शे तं गाडी कसाले?" आई म्हणाली आणि स्वतःचं गाठोडं बांधून मोकळी झाली. "मी बी येस."

मला मात्र घाम फुटलेला. अहो, देवी मी तोंडातून काढलेली! एवढी मंडळी घेऊन वाळवंटात उतरणार आणि म्हणणार काय? शेवटी मी बसच्या ड्रायव्हरला गाठलं. तो काठेवाडी गुजराती, तिकडच्या फेऱ्या नेहमी करणारा. हळूच विचारलं, "त्या रस्त्यावर एखादी देवी आहे का हो?"

"अरे साहेब, गामेगाम माताजी बेठां छे! तमे चिंता ना करो."

गावोगावी देवी! काय सांगू, त्याचे पाय धरावेसे वाटले! मी उड्या मारत घरी आलो आणि सुनंदाला म्हणालो, "देवी निघाली!"

"देवी निघाली," ती म्हणाली, "पण आपण दोघं कुठे निघालो?"

"बसमध्ये मागची दोन सीटं आपली. खिडकीची तुझी. कोणी वळूनसुद्धा बघणार नाही."

ती जरा हसली. गॉगलची डबी बाहेर आली. मला बरं वाटलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी गल्लीत बैठक बसली. सगळे खुशीत. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "पण गल्ली राखणार कोण?" दरवर्षी एखादं घर मागे राहतं. यंदा एकही नव्हतं. आणि दिवाळीत रिकाम्या गल्ल्यांमध्ये चोऱ्या होतात हे सगळ्यांना ठाऊक. बस रद्द होते की काय, असं वाटायला लागलं. सगळे खाली बघायला लागले. आई काळजीने माझ्याकडे बघत होती.

आणि मंडळी, मी बोललो.

"त्यात काय एवढं! मी आणि सुनंदा थांबतो की!"

आता याच्यावर काय यायला हवं होतं? "छे छे सर, देवी तुमची, सहल तुमची, तुम्हीच नाही म्हणजे काय!" हे यायला हवं होतं ना? कोणीतरी एकाने तरी म्हणायचं! मी तर "बरं, तुम्ही म्हणता तर" हे वाक्य ओठांवर तयार ठेवलं होतं.

निंबातात्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. सुशीलाकाकूने डोळ्याला पदर लावला. "सरांसारखं मन पाहिजे," असं म्हणून तिने घराची दुसरी किल्ली माझ्या हातात ठेवली. मागोमाग बाकीच्यांनी. सकाळी बस आली आणि आमच्या मागच्या दोन सीटांवर कोणाचे तरी मेहुणा-मेहुणी बसले.

बस गेली, सुनंदाने हात हलवला, घरात आली आणि किल्ल्यांचा जुडगा खिळ्याला टांगला. मला खरंच रडू यायला लागलं होतं. म्हटलं, "सुनंदा, मी गाढव आहे."

"ते राहू द्या. गाडी काढा."

"कुठे?"

"काढा तर!"

गाडी काढली. आणि काय सांगू, डिंडोलीचा रस्ता ओळखू येईना! लूम बंद, टेम्पो नाहीत, रिक्षा नाहीत. जिथे रोज पाय ठेवायला जागा नसते तिथे एक कुत्रं आडवं झोपलेलं. सरळसोट, रिकामा रस्ता! सुनंदाने गॉगल चढवला, काच खाली केली आणि बाहेर हात काढला. "तुम्हाला असाच हवा होता ना?" ती म्हणाली. आम्ही भेस्तानपर्यंत गेलो, तिथून उगाचच परत आलो, पुन्हा गेलो. दुसऱ्या दिवशीही तेच केलं आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून डब्यातली पुरी-भाजी खाल्ली. दोघंच! खरं सांगतो, इतकी छान दिवाळी माझ्या आठवणीत नाही.

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर अर्धा आईचा चेहरा, अर्धी वाळू. मागे तात्यांचं ओरडणं.

"देवी भेटली का आई?"

"भेटनी, भेटनी. ते ऱ्हाऊ दे. तू रस्ता देख ना रे भाऊ!" आईने फोन फिरवला. "कितला सरळ शे! आसा रस्ता मी मना जनममा नही देखा. नुसता रस्ता देखाले बी लोके येवाले पाहिजे!"

मी सुनंदाकडे पाहिलं. गॉगलमुळे डोळे दिसत नव्हते, पण खांदे हसत होते.

"पुढला साल तुम्ही दोन्ही या," आई म्हणाली. "फक्त दोन्ही. गल्ली मी राखसू."

मला भरून आलं हो! आईला कळलं होतं. कोणी इतक्या प्रेमाने बोललं तर आपणही काहीतरी बोलायला नको का? मी फोन जवळ घेतला आणि अगदी मनापासून म्हणालो, "दोघंच कशाला आई? तू पण चल की, आणि तात्यांनापण..."

सुनंदाने उरलेली अख्खी पुरी माझ्या तोंडात कोंबली.