‘कुणाचा’ ही कमांड विलासभाऊंची होती

विलासभाऊंनी बनवलेली कमांड मी माझ्या हाताने डिलीट केली. ते जिवंत असताना.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

कंपनीच्या ग्रुपवर सकाळपासून जोडलेले हात पडतायत. एका साहेबांनी लिहिलंय, ‘आपल्या परिवारातला हिरा हरपला.’
हा हिरा अकरा वर्षं कॉन्ट्रॅक्टवर होता. हजेरीच्या कागदावर ‘हेल्पर’.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. विलासभाऊ पवनानगरच्या अलीकडच्या एका वस्तीतले. सोमाटण्याजवळच्या आमच्या प्लांटची सर्व्हर रूम सांभाळायचे. आधी जीप, मग कामशेतहून बस, आणि तरी माझ्याआधी हजर.
मी लोणावळ्याहून येणारी. इंजिनिअर, पर्मनंट.

प्लांटमधलं एखादं मशीन मधेच अडायचं. स्क्रीनवर एवढंच यायचं, की अमुक फाईल सापडत नाही.
आता फाईल एकटी कधी येत नाही. ती कुठल्यातरी सॉफ्टवेअर पॅकेजबरोबर येते. ते पॅकेज कुठलं, हे कळलं की ते टाकायचं आणि मशीन चालू.
तुम्ही नेटवर शोधाल. आमच्या मशीनना नेट नाही, सिक्युरिटी म्हणून. लाईन बंद, साहेब डोक्यावर उभे, आणि आम्ही इंजिनिअर लोक अंदाजपंचे एकेक पॅकेज टाकून बघतोय.

भाऊंनी सगळ्या पॅकेजमध्ये कुठकुठल्या फाईली असतात याची यादी मिळवली. रीतसर परवानगी काढून, सुट्टीच्या दिवशी येऊन. त्यावर एक छोटी कमांड लिहिली.
फाईलचं नाव टाका, पॅकेजचं नाव सांगते. दोन मिनिटांत मशीन सुरू.
कमांडचं नाव ‘कुणाचा’.

मी हसले होते. “हे काय नाव, भाऊ?”

“मॅडम, आमी दुसऱ्या गावात गेलो की पयला प्रश्न त्योच. कुनाचा रं तू? मग आडनाव. मग कुटली आळी. तुमाला कुनी इचारलं नसंल.”

खरंच, मला कधी कुणी विचारलं नव्हतं.

“मानसाला इचारलं की लागतं,” ते म्हणाले. “फाईलला न्हाई लागत.”

मग नवे सर्व्हर आले. त्याच वेळी सर्व्हर रूमसाठी एक पर्मनंट जागा निघाली. भाऊंना ती हवी होती. मुलगी, दीक्षा, बारावीला होती. अट एकच, कामाची लेखी नोंद पाहिजे.
जुन्या सर्व्हरवर कुणाचं काय आहे याची यादी मी करत होते, तीच नोंद धरणार होते.

ते माझ्या टेबलाशी आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.
“मॅडम, त्या कमांडपुढं तेवढं माजं नाव टाका. बाकी काय नको.”
“टाकते की.”

नव्या सर्व्हरवर नेण्याआधी जुन्या सर्व्हरवरची प्रत्येक फाईल कुठल्या पॅकेजची आहे, हे तपासायचं होतं. जी कुठल्याच पॅकेजची नाही तिच्यापुढे मालकाचं नाव लिहायचं. मालक नसेल तर कचरा, उडवा.
‘कुणाचा’ अर्थातच कुठल्याच पॅकेजमधून आलेली नव्हती. हाताने लिहिलेली होती. सगळ्या फाईलींचं घर सांगणारी कमांड स्वतः बेघर निघाली.

तिच्यापुढचा रकाना रिकामा. मी नाव लिहायला घेतलं.

साहेब मागे उभे होते. “सुप्रिया, नाव घातलंस तर उद्या हा त्या जागेवर हक्क सांगेल. ती जागा आपल्याला दुसऱ्याला द्यायचीय. राहू दे रिकामं.”

मी राहू दिलं.
कोणी माझा हात धरला नव्हता. माझं प्रमोशन त्याच महिन्यात होतं, एवढंच.

ती फाईल मी उघडूनही पाहिली नाही. यादीतल्या बाकी कचऱ्याबरोबर उडवली.

सोमवारी भाऊंनी नव्या मशीनवर कमांड टाईप केली. सापडत नाही, असं आलं. त्यांनी एकेक अक्षर बघत परत टाईप केली.
“मॅडम, कमांड दिसत न्हाई.”
“क्लीनअपमध्ये गेली असेल, भाऊ.”
असेल, म्हणाले मी. ऑफिसात हा शब्द फार कामाला येतो.

त्यांनी स्क्रीनकडे बघितलं. मग माझ्याकडे.
“व्हय का. मग ऱ्हाऊ द्या.”

त्यांना कळलं होतं. दोन महिन्यांनी कॉन्ट्रॅक्ट संपलं, ते वाढवलं नाही. कारण काय, तर त्यांच्या कामाची लेखी नोंद नाही.
पुढे ते पवना धरणाच्या काठी पर्यटकांना तंबू भाड्याने देणाऱ्या एकाकडे जनरेटर आणि वायरिंग बघायचे. तिथेच काम करताना छातीत कळ आली आणि ते गेले. हिरा तेव्हा ग्रुपमध्ये कुणाला आठवत नव्हता.

आज त्यांच्या घरी पुण्यानुमोदनाला, वर्षाच्या स्मरणाच्या कार्यक्रमाला, गेले होते. कंपनीतून मी एकटीच.
जेवणं झाल्यावर दीक्षाने एक प्लास्टिकचं फोल्डर आणलं. त्यात भाऊंचं आयटीआयचं सर्टिफिकेट, आणि खाली दोन पानांचं प्रिंटआऊट.
“मावशी, हे पप्पांनी लय जपून ठेवलंवतं. काय आहे हे?”

‘कुणाचा’ होती. अख्खी, पहिल्या ओळीपासून.
वरच्या दोन ओळी कमांडच्या नव्हत्या. वाचणाऱ्यासाठी लिहिलेल्या होत्या.

‘लिहिणारा विलास. शिकवणाऱ्या सुप्रिया मॅडम.
काही अडलं तर मॅडमना विचारा, त्या सांगतील.’

मी त्यांना काही शिकवलं नव्हतं. एकदा प्रोग्रामिंगचं जुनं पुस्तक दिलं होतं, ते परत मागितलं नव्हतं इतकंच.

दीक्षाला सगळं सांगितलं. रकान्याचंही. तिने फोल्डर माझ्या हातातून काढून घेतलं. बरोबर केलं तिने.

म्हणून हे इथे लिहितेय. ग्रुपवर हात जोडणाऱ्या साहेबांनीही वाचावं. मला टॅग करून विचारा, सर्वांसमोर विचारा. मी सांगेन.

ती विलासभाऊंची होती.

भाऊ, तुम्ही असताना हे लिहायला दोन सेकंद लागले असते. आता वाचायला तुम्ही नाही.

जय भीम, भाऊ. शेवटचा.