फुलक्यांवरचा संशय

माझी माय मरेपर्यंत एकच म्हणत राहिली, सून माझ्या जेवणात काहीतरी घालते.

आम्ही खान्देशातून सुरतेला आलेली माणसं. नव्वदच्या दशकातली गोष्ट सांगते. भाऊ कापडाच्या लूमवर कामाला, आणि मी दोन गल्ल्या सोडून नवऱ्याच्या घरी. गावी ज्वारी-बाजरीची भाकरी खाऊन माय धान्याची पोती उचलायची. लेकाकडे राहायला आली, ताटात रोजचा गहू आला आणि बाईचं नुसतं चिपाड झालं. पोट फुगायचं, जुलाब थांबायचे नाहीत, तोंड सदा आलेलं. आधी आम्ही इथल्या पाण्याला शिव्या घातल्या. डॉक्टर म्हणाला, हलकं द्या. भाकरी किंवा घडीची पोळी जड पडेल म्हणून वहिनी तिच्यासाठी वेगळे फुलके करायला लागली, मऊसूत, तूप लावून.

ते वेगळे फुलकेच नडले बघा. माझंच वेगळं का करते, म्हणून माय त्या फुलक्यांकडे टक लावून बघायची.

"मन्हा ताटमा ही काय टाकस, कोणले माहीत!"

मग पहिला घास वहिनीने खायचा, असं ठरलं. वहिनी खायची, वर हात झटकून म्हणायची, "बघा आत्याबाई, अजून जिवंत आहे. आता तुम्ही घ्या." भाऊ शेजारीच जेवत असायचा. हूं नाही की चूं नाही.

वहिनी बाळंतपणाला माहेरी गेली, तेव्हा तर मायला पुरावाच मिळाला. लाटायची ताकद नव्हती म्हणून ती भात-खिचडीवर भागवायची, भाऊ खानावळीत जेवायचा. महिन्याभरात बाई पायी भाजीबाजारात जायला लागली! "ती गेली अन् माले भूक लागनी," भाऊबंदांत सांगत सुटली. बायका मान डोलवायच्या. वहिनी बाळ घेऊन परत आली ती आरोपी होऊनच.

श्रावणात घरात आमची खान्देशी देवी कानबाई बसली. कानबाईच्या नैवेद्याचे जाड रोट म्हणजे गव्हाचे, आणि ते घरातल्यांनीच संपवायचे, बाहेर द्यायचे नाहीत. त्या वर्षी मायने वहिनीला पिठाला हात लावू दिला नाही. गहू स्वतः निवडला, गिरणीत स्वतः उभी राहिली, रोट स्वतः भाजले, भक्तीने खाल्ले. चार दिवसांत अंथरुणाला खिळली.

मी विचारलं, "माय, या वेळी कोणी काय टाकलं?"

"तिनी नजर लागनी," माय म्हणाली.

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. कशाने, ते डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही. भाऊबंदांना मात्र नक्की माहीत होतं. लग्नकार्यात वहिनीने वाढलेलं काही बायका ताटातच ठेवायच्या, आणि ती ते मुकाट्याने उचलायची.

आता वहिनीची नात आजारी पडली. तसंच पोट, तसेच जुलाब. रक्त तपासलं, दुर्बीण घातली. डॉक्टरीण म्हणाली, सिलिअॅक आहे, गहू खाल्ला की हिचं आतडं खराब होतं. रक्ताच्या नात्यात असतं हे. घरात आधी कोणाला होतं?

मी वहिनीसोबत गेले होते. दोघींना एकदमच माय आठवली.

मायची तपासणी झाली नाही, आणि आता होणारही नाही. म्हणजे हाही माझा संशयच. पण खिचडीवर सुधारलेली आणि स्वतःच्या रोटांनी आडवी झालेली बाई आठवली की मला दुसरं काही सुचत नाही.

घरी आल्यावर वहिनीने पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. भावासमोर उभी राहिली आणि सगळं सांगितलं.

भाऊ म्हणाला, "मला मायचं कधी खरं वाटलंच नव्हतं."

"नव्हतं ना? मग तेव्हा मूग गिळून का बसला होतात?"

भावाने टीव्हीचा आवाज कमी केला. वहिनी उत्तरासाठी तशीच उभी राहिली.