मांडणीवरची काजळी

“हे घर खोटं वाटतंय,” अनिरुद्ध म्हणाला. शूटिंगच्या सगळ्या युनिटसमोर. “दलित वस्तीतलं घर इतकं स्वच्छ कुठं असतं? घाण कर जरा.”

कनेरगाव नाक्याजवळच्या माळावर प्लायवूडचं ते घर मी उभं केलं होतं. ते माझंच घर होतं. शिरड शहापूरचं, आईचं. तीच निळी भिंत, दारापुढं तोच ओटा, आत भांड्यांची तीच मांडणी. पौर्णिमा आली की आई सगळी भांडी खाली काढते, राखेनं घासते, पुन्हा ओळीनं लावते. आमच्यात पाहुणा घरात आला की त्याची नजर आधी मांडणीवर जाते. म्हणून सेटसाठी मी भांडी आईचीच आणली होती.

अनिरुद्ध प्रॉडक्शन डिझायनर, मी त्याचा असिस्टंट. वयानं तो माझ्या धाकट्या भावापेक्षाही लहान. तो मला ‘तू’ म्हणायचा, मी त्याला ‘सर’.

मला त्याचा हेवा वाटायचा. लपवून काय करू. तो कागदावर चार रेघा मारायचा आणि दिग्दर्शक त्याच्या खांद्यावर हात टाकायचा. मी अख्खी भिंत उभी करायचो आणि लोक माझ्याकडं हातोडी मागायला यायचे. त्याच्या वडिलांच्या दिवाणखान्यात निर्माते जेवायला यायचे. मी कळमनुरीच्या बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवत इथवर आलो. पन्नाशी आली तरी पडद्यावर माझं नाव कुणाला वाचता येईल इतकं थांबलेलं नाही. मला त्याच्या बुटांचासुद्धा हेवा वाटायचा. माझ्या चिखलात उभे राहूनही पांढरेच.

त्याच सकाळी तो मला म्हणाला होता, “पुढची फिल्म तू स्वतंत्र कर. मी शब्द टाकतो.”

त्या एका वाक्यासाठी मी ब्रश उचलला.

नवी वस्तू जुनी, मळकी करायची, याला आमच्या कामात एजिंग म्हणतात. माझा हात त्यात चांगला. भिंतीवर ओघळ सोडले. ओट्याचा कोपरा फोडला. मग आईच्या भांड्यांना काजळीसारखा काळा रंग फासला. फासताना काय वाटलं? खरं सांगतो. छान जमलंय, असं वाटलं. अनिरुद्धला जमलं नसतं असं. याची लाज मला मरेपर्यंत पुरेल.

दुपारी भाऊ आईला शूटिंग दाखवायला घेऊन आला. ती पौर्णिमेचं पांढरं लुगडं नेसून आली होती. सेटच्या दारातच थबकली.

“काहून रे बाबा, आपल्या घराला काय झालं? मी मेल्यावर असं ठेवता का काय तुमी?”

अनिरुद्ध हसत पुढं आला. “आजी, हे खोटं आहे. सिनेमासाठी.”

“खोटं हाय तं भांडे माझे काहून?”

आईनं तांब्या उचलला आणि पदरानं पुसायला लागली. रंग निघेना. ती पुसतच राहिली. लाइटवाले हात थांबवून बघत होते.

मी मांडणीवरून भांडी उतरवून पोत्यात भरायला लागलो.

“अरे, शॉट लागतोय. काय करतोस?” अनिरुद्ध ओरडला.

“भांडी आईची. घर माझं. घाण तुमची. ती तुमची तुम्ही करा.”

“पुढची फिल्म नको का तुला?”

“पाहिजे. पण अशी न्हाई. अन् मला अहोजाहो करायचं.”

लाइटवाल्यांतलं कुणीतरी फसकन हसलं. अनिरुद्धचे कान लाल झाले. मी पोतं उचललं आणि आईला घेऊन निघालो.

घरी आम्ही दोघांनी राखेनं भांडी घासली. सगळी निघाली, तांब्याच्या गळ्याशी एक काळी रेघ राहिली. आई अजून घासते. मी तिला सोडून दे म्हणत नाही.

अनिरुद्धचा फोन आला नाही, येणारही नाही. हेवाही गेलेला नाही. त्याची खुर्ची मला अजून पाहिजे आणि ती मी मिळवणार. त्या दिवशी माझ्या सेटची पहिली भिंत निळी असेल, मांडणी लखलखीत असेल. कुणाला ती खोटी वाटली, तर त्यानं शिरड शहापूरला यावं. बूट बाहेर काढावेत. आणि आत येऊन बघावं.