हळदीच्या पेवात तीन प्रबंध

“फोडा ते पेव! आत्ताच्या आत्ता फोडा!”

माझे वडील, आबा, हरिपुरात ओरडत होते आणि, खोटं सांगत नाही, कृष्णेत डुंबणाऱ्या म्हशी उठून सावधान उभ्या राहिल्या. पलटणीतून हवालदार होऊन घरी आलेला माणूस! साताऱ्याहून ते एवढंच बजावायला आले होते की, शनिवारी माझा प्रबंध मुंबईला विद्यापीठात पोचला नाही, तर सोमवारी मी आमच्या उसात खुरपं घेऊन बसलेला दिसलो पाहिजे.

प्रबंध लिहून तयार होता. फक्त तो जमिनीखाली पंचवीस फुटांवर, हळदीच्या डोंगराखाली होता.

त्याचं असं झालं. सांगलीत आम्ही तिघं एका खोलीत राहून संशोधन करत होतो. एकाचं कायद्यात : दुसऱ्याच्या जागेत अडकलेली आपली वस्तू परत कशी मिळवावी. दुसऱ्याचं व्यापारात : हळदीचा भाव केव्हा चढतो. माझं रसायनात. हरिपुरात जमिनीत खोल खड्डा खणून त्यात हळद भरतात आणि तोंड चिखलामातीनं लिंपून टाकतात, त्याला पेव म्हणतात. त्यातली हळद वर्षानुवर्षं किडत का नाही, हा माझा प्रश्न. उत्तरही मी काढलं होतं : आत जगण्याजोगी हवा उरत नाही, मग किडा जगेल कशावर? तिघांची मिळून विद्वत्ता एवढी झाली होती की खोलीचं दार लागत नसे.

त्या खोलीला वाळवी लागली. वाळवी तरी कसली! कायदेवाल्याचं एक अख्खं प्रकरण तिनं दुपारच्या वामकुक्षीत फस्त केलं आणि तळटिपा चटणीसारख्या चाटल्या. त्यानं ते पुन्हा लिहिलं. लढाईचे दिवस, कागद औषधालाही मिळेना, म्हणून दुसरी प्रत कुणाचीच नव्हती. तेव्हा मीच छाती फुगवून म्हणालो, “अरे, जिथं हळदीला कीड लागत नाही, तिथं कागदाला काय होणार?” तिघांचे प्रबंध एका पोत्यात बांधले आणि एका व्यापाऱ्याचं पेव भरत होतं त्यात अगदी तळाशी ठेवले. तळाशी जास्त सुरक्षित, हीसुद्धा माझीच अक्कल. व्यापारी हसून म्हणाला होता, “ठेवा की. तेवढीच हळदीला संगत.”

आता तोच व्यापारी पान चघळत पेवाच्या तोंडावर मांडी घालून बसला होता.

“ओरडू नगा, हवालदार. एकदा पेव उघडलं की सगळी हळद काढाय लागती. भाव आल्याबिगर मी उघडत न्हाई.”

कायदेवाला पुढं सरसावला. “मालक, आमची वस्तू परत घ्यायचा आम्हाला हक्क आहे!”

“कुठल्या कलमानं?”

“ते… आत आहे.”

व्यापारवाला म्हणाला, “भाव लवकरच चढणार आहे, मालक.”

“कवा?”

“तेही आत आहे.”

मग सगळे माझ्याकडं बघू लागले. मी म्हटलं, “मला विचारू नका. माझं तर सगळंच आत आहे.”

आबांनी आमच्याकडं असं पाहिलं, जसं कवायतीत तिघं तीन दिशांना वळल्यावर पाहावं. मग ते एकाएकी मऊ झाले. व्यापाऱ्याशेजारी टेकले, त्याच्या डब्यातलं पान घेतलं, चुना लावला.

“ऱ्हाऊ द्या, मालक. पोरांचं काय, उसात राबतील. मला तुमच्या हळदीची काळजी वाटतीया.”

“का?”

“तळाला कागुद हाय न्हवं? कागुद म्हंजे वाळवीचं जेवाण. कागुद संपला की ती हळदीकडंच वळणार. लय वंगाळ जात.”

व्यापाऱ्याचं पान तोंडातच थांबलं. मी तोंड उघडणार, तोच आबांनी माझ्या पायावर बूट ठेवला. पलटणीतला बूट. माझं रसायनशास्त्र जागच्या जागी मिटलं.

पुढच्या घटकेत पेव फुटलं! आतली कोंडलेली हवा निघायला वेळ दिला, मग कंदील दोरीनं खाली सोडला. तो न विझता वर आला, तेव्हा गडी उतरले. हळद बाहेर येऊ लागली ती येतच राहिली. दुपारपर्यंत हरिपूर पिवळं, कुत्री पिवळी, व्यापारवाल्याच्या मिशा पिवळ्या. सर्वांत शेवटी पोतं आलं. सोडून बघतो तर एक पान कुरतडलेलं नाही! पिवळं मात्र असं की नवरदेवाला हळद म्हणून लावावं.

शनिवारी आम्ही मुंबईला पोचलो. कारकुनानं गठ्ठा हुंगला, तीनदा शिंकला आणि शिक्का मारला.

साताऱ्याला आलो, तरी माझ्या मनाला एक घोर लागून राहिला होता. आमची पानं नुसती नशिबानं वाचली असतील आणि आबांचं खरं असेल, तर माझा प्रबंध खोटा! शेवटी बांधावर गाठून विचारलंच, “आबा, पेवातल्या कागदाला वाळवी लागते, हे तुम्हाला कुठं कळलं?”

आबा बैलाला पाणी दाखवत होते. मान न वळवता म्हणाले,

“मला काय ठावं? पेव म्या त्याच दिवशी बघितलं.”