पाचवीचा माठ

घंटेचा टोल पडला आणि कोंडीबा शिपायानं वर्गाचं दार ढकललं. पडदा वर जावा तसा जूनचा उजेड पाचवीच्या वर्गात शिरला. उजवीकडे फळा, त्यावर नव्या इंग्रजीतलं मोठं ए आणि छोटं ए. खिडकीबाहेर कवठे महांकाळकडं जाणारा धुळीचा रस्ता. आणि मधोमध, तिवईवर, कोरा लालबुंद माठ. साल एकोणीसशे त्रेसष्ट.

चौथीतून वर आलेली पोरं या शाळेत पहिल्या दिवशी इंग्रजीची अक्षरं शिकत, वेळापत्रक उतरवून घेत आणि माठाची रीत शिकत. माठ वर्गशिक्षकानं स्वतः आडातून भरायचा. मधल्या सुट्टीत पहिला पेला एकेकाच्या हातात द्यायचा. मग वर्ष सुरू. जयपाल गुरुजींनी अठरा वर्षं हे केलं आणि उन्हाळ्यात ते सेवानिवृत्त झाले. त्यांच्या जागी आले धोंडिराम गुरुजी. चोवीस वर्षांचे, कोरेगावकडचे. सात वर्षांपूर्वी त्यांच्या घरानं बौद्ध धम्म स्वीकारलेला. ही बातमी गुरुजींच्या आधीच गावात पोचली होती.

हेडमास्तर सकाळीच म्हणाले होते, "पोरं पाणी प्यायली तर प्रश्नच नाही. गावातून तक्रार आली, तर मात्र तुमची बदली मला थांबवता यायची नाही."

मधली सुट्टी झाली. गुरुजी पेला घेऊन माठापाशी उभे राहिले. छत्तीस पोरं बसल्या जागी बसून राहिली. घशाला कोरड पडलेली, पण घरून ताकीद मिळालेली. कुणी पाटी पुसत होतं, कुणी नुसतंच माठाकडं बघत होतं.

कोंडीबा कानाशी येऊन कुजबुजला, "आवं गुरुजी, पेला म्या देतो. तुमी नुसतं हुबं ऱ्हावा. कशाला जिवाला घोर?"

"आज तुम्ही दिलात तर वर्षभर तुम्हीच द्याल, कोंडीबा."

पेला धरलेला हात अवघडला, पण त्यांनी तो खाली घेतला नाही.

तेवढ्यात पुढच्या रांगेतली त्रिशला उठली. मळ्यातल्या जैन शेतकऱ्याची मुलगी, दोन घट्ट वेण्या. ती थेट माठापाशी आली, वाकून आत बघितलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"गुरुजी, ह्ये पानी..."

"मीच भरलंय," गुरुजी ताडकन म्हणाले. "तेच विचारायचंय ना?"

"त्ये न्हाई वो. गाळलंय का?"

"गाळलंय की. एकपदरी फडकं बांधून."

"एकपदरी! आमच्यात दुपदरी लागतं. बारीक जीव पोटात जात्यात."

"जाऊ दे की, तेवढीच न्याहारी!" मागून कृष्णात ओरडला. वर्ग खदखदून हसला. गुरुजीही हसले. नको तिथं आपणच घाव शोधला, हे त्यांचं त्यांना कळलं.

आईनं पहिल्या दिवसासाठी दिलेला कोरा पंचा त्यांनी पिशवीतून काढला. ती तो हातात घेईल का, याची खात्री नसतानाच त्यांनी तो पुढं केला. त्रिशलानं पंचा घेतला, चिमटीत चोळून बघितला, दुपदरी घडी घातली आणि बादलीवर ताणून धरला.

"वता आता. सावकाश."

ते ओतत गेले, ती धरून राहिली. माठ धुऊन पुन्हा भरला. मग ती पंचा घेऊन आडावर गेली आणि गाळलेले जीव जिथले तिथं जावेत म्हणून तो खळबळून ते पाणी परत आडात सोडून आली. वर्ग खिडकीशी गोळा झाला होता.

परत येऊन तिनं दोन्ही हात पुढं केले. गुरुजींनी पेला दिला. ती डोळे मिटून घटाघटा प्यायली.

"लय गार हाय," ती वर्गाला म्हणाली.

कृष्णात उठला. मग त्याच्या शेजारचा. मग रांगच लागली. सहा पोरं उठली नाहीत, ती तशीच कोरड्या तोंडानं बसून राहिली. गुरुजींनी त्यांच्यासाठी माठ उघडाच ठेवला.

शेवटचा पोरगा पिऊन गेला. गुरुजींनी रिकामा पेला त्रिशलाच्या हातात दिला आणि ते म्हणाले, "आता मला दे, पोरी. सकाळपासून मीही प्यायलो नाही."