बधाईचा फ्लेक्स

लग्नाला अकरा वर्षं झाली. बायकोला माझं सगळं ठाऊक आहे — कुठे दुखतं, कोणाशी पटत नाही, कोणत्या साहेबासमोर घाम फुटतो. हे एक ठाऊक नाही. आईलाही नाही. बाबा तर गेलेच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखणाऱ्याला सांगायची हिंमत असती, तर एवढी वर्षं लागली असती का?

आधी माझं चांगलं सांगून घेतो. खरं आहे म्हणून सांगतो. देवास आणि धार, या दोन जिल्ह्यांत कोणाला होर्डिंग उभं करायचं असो की डिजिटल स्क्रीन, परवानगी काढून घ्यायला लोक माझ्याकडे येतात. रस्त्यापासून किती मागे, सिग्नलपासून किती लांब, वाऱ्यात खांब टिकेल याचा इंजिनिअरचा दाखला, ट्रॅफिक पोलिसांची ना-हरकत, अंधार पडल्यावर स्क्रीनचा उजेड किती कमी करायचा — मला पुस्तक उघडावं लागत नाही. बदनावरला मंडीच्या वळणावर सोयाबीनचे भाव दाखवणारी स्क्रीन आहे ना, तिची फाइल माझी. माझ्या हातून गेलेला एकही बोर्ड आजवर कोणी उतरवलेला नाही. याचा मला गर्व आहे. का नसावा? आमचे पूर्वज दरबाराबरोबर दक्षिणेतून आले, ते घोड्यांची खोगिरं शिवायचे. बाबा मोटरसायकलच्या सीटा शिवायचे. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी.

पण नियम मी पहिल्यांदा वाचले ते कशासाठी — इथेच जीभ अडते.

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षी मला एका विषयात पूरक आली. इन्कम टॅक्स. म्हणजे नापास नाही, पण पासही नाही. दोन महिन्यांनी तो एक पेपर पुन्हा द्यायचा. घरी काय सांगायचं, ते वाटेत ठरत नव्हतं. बाबा दुकानाच्या पायरीवर उभे होते, दातांत दोरा धरलेला. "काय रे?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, "पास. फर्स्ट." फर्स्ट कशाला म्हणालो? ते तर त्यांनी विचारलंही नव्हतं.

वाटलं, दोन महिने काढू. पेपर निघेल, कोणाला कळतंय? आणि चौथ्या दिवशी सकाळी चौकातल्या विजेच्या खांबावर माझं तोंड. दाराएवढा फ्लेक्स. 'हमारे लाडले को बी.कॉम. प्रथम श्रेणी में उत्तीर्ण होने पर हार्दिक बधाई', खाली बाबांचं नाव, त्याखाली दुकानाचं. बाबा खांबाशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवत होते — "पोरगा आहे माझा." ज्यांच्याशी जन्मात बोलले नव्हते त्यांनाही.

माझ्या वर्गातली अर्धी मुलं त्याच चौकातून यायची-जायची. निकाल कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लागलेला, सगळ्यांनी वाचलेला. आता हसणार कोणावर? माझ्यावर — आणि बाबांवर. बाबांना खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी ते वाक्य सांगितलं नाही. मी नगर निगमाच्या, म्हणजे महापालिकेच्या, कचेरीत गेलो.

तिथे व्हरांड्यात नियमांची यादी लावलेली होती. परवानगीशिवाय बॅनर लावू नये. विजेच्या खांबावर तर मुळीच नाही. तक्रार कोणीही करू शकतो. मी ती उभ्याने दोनदा वाचली. तेव्हापासून मला ती पाठ आहे. मग सुवाच्य हिंदीत अर्ज लिहिला, नावाच्या जागी 'एक जागरूक नागरिक' असं लिहिलं आणि पेटीत टाकला.

दुसऱ्या दिवशी निगमाची शिडी आली. बाबा हातात कात्री घेऊन तसेच पळत सुटले. शिडीवरचा माणूस भला होता. "चाचा, परमिशन का कागज हो तो बता दो, अभी वापस टाँग देते हैं." कागद कुठला असायला? बधाईसाठी परवानगी लागते, हे आमच्या गल्लीत कोणाच्या गावी नव्हतं. फ्लेक्सची घडी झाली — बरोबर माझ्या तोंडावरून — आणि बाबांना कचेरीत बोलावणं आलं. पुन्हा असं करणार नाही, असं लिहून द्यायचं होतं. बाबा चौथी शिकलेले. मला घेऊन गेले. "माझा ग्रॅज्युएट लिहील." मी लिहिला. स्वतःच्या बापाचा माफीनामा. बाबूने तो तक्रारीच्या अर्जाला टाचला, दोन्ही कागदांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भिया, राइटिंग बड़ी अच्छी है तुम्हारी." बाबा केवढे खूश झाले. "है ना साहब? फर्स्ट क्लास है!"

इथवर भित्रेपणा म्हणा. तेवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहायलाही बसलो नसतो.

तक्रार कोणी केली, हे बाबांच्या डोक्यातून जाईना. शेजारी वसंतकाका, पेंटर. दुकानांचे बोर्ड हाताने रंगवायचे. बाबांचे लहानपणापासूनचे सोबती. आमच्या दुकानाचा बोर्डही त्यांच्याच हातचा. फ्लेक्स आल्यापासून त्यांचं काम आटत चाललेलं, आणि माझ्या बधाईचा बोर्ड बाबांनी त्यांना न देता फ्लेक्सवाल्याकडून करून घेतलेला. बाबांचं तिथेच ठरलं. ओट्यावर चारचौघांत म्हणाले, "वसंता, जळलास ना माझ्या पोरावर?"

काकांना वाटलं, नेहमीची थट्टा. "जळायला तुझं पोरगं काय बिडी आहे रे?"

बाबा हसले नाहीत. उठून आत आले. त्यानंतर सोळा वर्षं ते वसंतकाकांशी बोलले नाहीत. भिंतीला भिंत लागलेली — आणि सोळा वर्षं. त्या वेळी मी आतल्या खोलीत होतो. इन्कम टॅक्सचं पुस्तक मांडीवर. सगळं ऐकू येत होतं.

पूरक निघाली. डिग्री आली — खरी, माझ्या मेहनतीची. तिच्यावर द्वितीय श्रेणी लिहिलंय. बाबांनी ती फ्रेम करून टांगली. ती ओळ त्यांनी वाचली की नाही, मला कधी कळलं नाही.

मी या धंद्यात नाव कमावलं, तेव्हा एक दिवस वसंतकाका माझ्या ऑफिसात आले. धुतलेला सदरा घालून. म्हणाले, "तुझं निगमात येणं-जाणं आहे. त्या तक्रारीची नक्कल काढून दे. तुझा बाप माझं अक्षर ओळखतो. एकदा पाहिलं की झालं."

नक्कल निघाली असती. अर्ज केला असता तर आठवड्यात. पण त्या फाइलीत दोन कागद होते, तक्रार आणि माफीनामा, आणि अक्षर एकच. आयुष्यभर अक्षरं काढलेल्या माणसाला ते ओळखायला किती वेळ लागला असता? मी खुर्चीत मागे टेकलो आणि म्हणालो, "काका, असले कागद तीन वर्षांनी फाडून टाकतात. नियम आहे." असा नियम मी कधी वाचलेला नाही. कुठलाही नियम मी इतक्या ठामपणे कोणाला सांगितलेला नाही.

"मग राहिलं," ते म्हणाले. "तू शिकलेला. तुला माहीत असणार." आणि जाताना माझ्या नावाच्या पाटीवरून बोट फिरवून म्हणाले, "बी.कॉम. छान दिसतं रे."

बाबा मागच्या वर्षी गेले. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी मला जवळ बोलावून म्हणाले, "वसंताला एकदा विचार. का केलंस म्हणावं. राग नाही आता. नुसतं विचार." मी "हो" म्हणालो. त्यांचा हात माझ्या हातात होता. तेव्हा तरी सांगायचं ना? खोलीत तिसरं कोणी नव्हतं.

तेराव्याला काका आले. पंगतीत बसले नाहीत, दाराशीच उभे राहिले. "जाताना माझं नाव काढलं का रे त्याने?"

मी म्हणालो, "नाही, काका."

मला माझ्या कामाचा गर्व आहे, तो खोटा नाही. बाबांना माझा होता, तोही खोटा नव्हता. पण वसंतकाकांनी ती तक्रार केली नव्हती. मी केली होती. का केलंस, हे बाबांनी चुकीच्या माणसाला विचारायला सांगितलं, आणि उत्तर त्यांच्याच उशाशी बसलेलं होतं — माझा एक पेपर राहिला होता. एवढंच.