परशाचा हाय स्कोअर

१९७१ च्या नोव्हेंबरात आमची पलटण पूर्वेच्या सरहद्दीवर होती. मी नायक, मॉर्टर म्हणजे उखळी तोफेची प्लाटून, नंबर दोन डिटॅचमेंट. आमचं काम सिव्हिलियन माणसाला सांगायचं तर सोपं आहे. एक जण पुढे जाऊन शत्रू बघतो आणि गोळा कुठे पडला ते वायरलेसवर सांगतो. दुसरा कोसभर मागे नळी फिरवतो, तिसरा गोळा टाकतो. मागच्या दोघांना शत्रू कधीच दिसत नाही. नळी फिरवणारा मी. गोळा टाकणारा लान्स नायक बाबू कांबळे, निपाणीचा. पुढे जाणारा परशराम, बेळगावच्या शहापुरातल्या विणकराच्या घरचा. तिघांनी ट्रेनिंग बेळगावातच केलं होतं आणि मॉर्टरखालची लोखंडी बेसप्लेट पाठीवर घेऊन कणकुंबीच्या जंगलात घाम गाळला होता.

परशा एक नंबरचा वात्रट. गोळ्याचं करेक्शन देऊन झालं की वायरलेसवर हळूच विचारायचा, जेवणात आज काय आहे. सुभेदार साहेबांनी तीनदा पाठीवर भरलेला पिट्टू बांधून ग्राउंडला पळवला. गडी काही सुधारला नाही.

डिसेंबरातल्या एका सकाळी साडेसहाला आमच्या कंपनीचा अटॅक होता. गावाच्या कडेला शत्रूची मशीनगन होती आणि कंपनी उघड्या शेतात अडकली होती. सहा चाळीसला परशाचा आवाज आला.

"राईट फिफ्टी. ॲड हंड्रेड. ओव्हर."

मी नळी फिरवली, बाबूने गोळा टाकला.

"ड्रॉप फिफ्टी. ओव्हर."

परत टाकला.

"टारगेट. आता हालवू नका रं. ओव्हर."

त्यानंतर सेट बोलला नाही. आम्ही त्याच आकड्यावर वीस मिनिटं मारत राहिलो, कारण त्याने हलवू नका म्हणून सांगितलं होतं. सव्वासातला कंपनीने गाव घेतलं. परशा फणसाच्या झाडाखाली सापडला. हेडफोन कानावरच होता.

१९८४ साली मी हवालदार म्हणून पेन्शनीवर आलो आणि बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या गेटवर लागलो. बाबू माझ्याआधी सुटून निपाणीला तंबाखूच्या वखारीत होता. दर रविवारी तो एसटीने यायचा आणि आम्ही दोघं शहापुरात परशाच्या थोरल्या बहिणीकडे, शांताआक्काकडे जायचो. तिने मागच्या खोलीत पॉवरलूम ठेवला होता. पुढच्या खोलीतला जुना माग मोडीत काढून तिथे व्हिडिओ गेमची दोन मशिनं बसवली होती. कॉलेजची पोरं दिवसभर तिथेच पडीक. एक गेम लढाईचा होता. खाली आपला रणगाडा, वरून शत्रूचे रणगाडे आणि विमानं. आम्हाला त्या खेळाचं हसू यायचं.

एका रविवारी आक्काने सांगितलं की जो जिंकतो त्याला त्या मशिनवर नावाची तीन इंग्रजी अक्षरं लिहिता येतात. वरपासून खालपर्यंत सगळी नावं पोरांचीच होती.

"खेड्यात दगूड तरी बसवत्यात शहिदाचा," ती म्हणाली. "ह्या गल्लीत कोण बसवतंय? माझ्या परशाचं नाव हितं तरी लागंल काय रं?"

मला वाटलं चेष्टा करते आहे. पण ती हसत नव्हती. आम्ही ती ऑर्डर समजलो.

आता आम्हा दोघांना एकच पद्धत माहीत. मी दांडा धरला, बाबू बटणावर. बाबू हुकमाशिवाय बटण दाबेना. मी फायर म्हटलं की दाबायचा आणि मग गोळा कुठे पडला म्हणून मलाच विचारायचा. तोवर आमचा रणगाडा जळून खाक. पोरं पोट धरून हसली. त्यांतला सुनील नावाचा एक जण म्हणाला, काका, हे एकट्यानेच खेळायचं असतं. बाबूने त्याला गंभीरपणे सांगितलं की मॉर्टर एकट्याने चालत नाही.

तीन रविवार आम्ही सपाटून मार खाल्ला. मला स्वतःचाच राग यायला लागला. चूक मग ध्यानात आली. दोघांचीही नजर आपल्याच रणगाड्यावर असायची. शत्रूकडे बघायचं काम आमचं कधी नव्हतंच.

चौथ्या रविवारी आक्का लूम बंद करून आमच्या मागे येऊन उभी राहिली. हजार धाग्यांतला तुटलेला एक धागा उभ्या उभ्या हेरणारी बाई ती.

"डावीकडनं दोन आल्यात. वरनं इमान. थांब. आता."

मी दांडा वळवला. बाबूने माझ्या हुकमाची वाट न बघता बटण दाबलं. बोलण्याची ढब थेट परशाची होती. साडेअकराला आम्ही सगळ्यांच्या वर गेलो. मी सुनीलला विचारून विचारून अक्षरं लावली. पी. ए. आर. आक्काने काचेवरून पदर फिरवला आणि बराच वेळ बघत राहिली. मला इतका आनंद पहिली फीत लागली तेव्हाही झाला नव्हता.

बारा वाजून दहा मिनिटांनी लाईट गेली. आली तेव्हा नाव नव्हतं. लाईट गेली की मशीन सगळं विसरतं, सुनीलने सांगितलं. बाबूचं तोंड उतरलं.

"लाईट गेली म्हणून कोण विणायचं सोडतंय व्हय?" आक्का म्हणाली. "बसा परत."

पुढची दोन वर्षं हीच आमची रविवारची ड्यूटी. नाव लावायचं, लाईट जायची, परत लावायचं. बेळगावात लाईट किती वेळा जायची हे मी कशाला सांगू?

मग मला कावीळ झाली. तीन रविवार मी अंथरुणावर आणि बाबू माझ्या उशाशी. चौथ्या रविवारी गेलो तेव्हा सुनील मशिनसमोर उभा होता. त्याने बाजूला होऊन आम्हाला जागा दिली. काचेवर वरपासून खालपर्यंत दहाही ओळींत पी ए आर होतं. पोरांनी स्वतःचं एकही नाव लिहिलं नव्हतं.

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. बाबू सावधानमध्ये उभा राहिला.

"सकाळधरनं दोनदा लाईट गेलती, काका," सुनील म्हणाला. "हे तिसऱ्यांदा लावलंय."